रिकाम्या आडनावाची लक्ष्मीबाई

१२ जून २००४, बसवकल्याण
रेशनकार्डाच्या यादीचं काम आमच्या कॉम्प्युटर सेंटरला मिळालं. अर्जदाराकडे आधीच कार्ड आहे का, हे शोधणारा प्रोग्रॅम मी लिहिला. सेंटरचे मालक, म्हणजे आमचे सर, हैदराबादला कोर्स करून आलेत म्हणे. त्यातून माऊस कुठल्या हातात धरायचा तेवढं शिकले.

१५ जून
मुडबीच्या लक्ष्मीबाई आल्या. पूर्वी मेंढरं होती, आता मजुरी. अर्ज नामंजूर. शेरा, 'कार्ड आधीच आहे'. कार्ड आहे ते त्याच गावच्या दुसऱ्या लक्ष्मीबाईंचं, पाटलांच्या घरातल्या.
"कार्ड हाय म्हनतंय तुमचं मशीन. मग दुकानदार तांदूळ कामून देईना?"
ऑपरेटरनं आडनाव भरलं नाही, गाढव. मी तसं सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी कागद पाहिले. ऑपरेटर बरोबर. बाईंना आडनावच नाही, नाव आणि नवऱ्याचं नाव, संपलं. नाव, गाव जुळल्यावर माझा प्रोग्रॅम त्यांचं रिकामं आडनाव पाटलीणबाईंच्या नावात शोधतो आणि पहिल्याच अक्षरापाशी म्हणतो, सापडलं. रिकामं सगळ्यातच असतं, हा प्रोग्रॅमची भाषा बनवणाऱ्यांचा नियम. गणितात बसतो. त्या विद्वानांना एकदा रेशनच्या रांगेत उभं करायला हवं.

१६ जून
सरांना म्हटलं, रिकामं आलं तर 'सापडलं नाही' असं करतो. नको म्हणे. ऑपरेटर गावाचा रकाना रिकामा ठेवून अख्ख्या तालुक्याची यादी काढतात, ती बंद पडेल. हे खरं निघालं. दोन्हीकडे एकच शोध वापरायचा शहाणपणा माझाच.
मग मशीनला थांबून ऑपरेटरला विचारायला लावू?
"मशीन इचारत बसलं तर काम कवा व्हायचं?"
त्यांचा तोडगा असा. आडनाव नसेल तर गावाला 'कर' जोडा. मुडबीकर. सेंटरभर कौतुक.

१९ जून
ल.बाई अर्जाची नवी पावती घेऊन परत.
"ह्ये मुडबीकर कोन? आमच्यात कुनी न्हाई."
म्हटलं, अर्ज मंजूर झालाय, अंगठा द्या, कार्ड मिळेल.
"मिळंल की. त्या बाईला मिळंल."
अंगठा दिला नाही. मी चिडलो. एवढ्यानं काय बिघडतं, सगळेच लावतात.
"तुमचं काय, अण्णा?"
हळ्ळीखेडकर, म्हटलं.
"कुनी ठिवलं?"
पहिलीत मास्तरांनी. आजोबांच्या कागदावर आडनावच नाही. बाईंना सांगितलं नाही. लाज वाटली, आणि त्यांचाच राग आला.

२० जून, रविवार
सेंटर बंद. एकटाच. सापडलं, सापडलं नाही, विचारा. तिन्ही लिहून पाहिलं, तिन्ही पुसलं. प्रत्येकात कुणीतरी अडकतंच.
बाई उद्या येणार. त्यांची बिनअंगठ्याची पावती टेबलावर पडलीय. त्या यायच्या आत आजोबांच्या नावानं एक अर्ज टाकून मशीन काय म्हणतं ते बघतो, आडनाव न भरता.