भिंगाची बाजू

ताईस,

वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला कंबर आड येत नाही, म्हणून जरा जास्तच वाकलोय असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींना घरी बसून करमतं का? सगळं ठीक असेलच. तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे सध्या अंदाजावर चाललंय.

तर, मी माफी मागणार नाही. भाऊजींच्या निवृत्तीच्या समारंभाचा मी विचका केला असं तू काकूला सांगितलंस आणि काकूने उरलेल्या सगळ्यांना. आता माझी बाजू ऐक. आपोआप फोकस करणारी कॅमेऱ्याची भिंगं कोणीही वापरतं. माझं नवं भिंग हाताने कडी फिरवून जुळवायचं, विटेएवढं जड, आणि त्याचं तोंड इतकं मोठं की मेणबत्तीच्या उजेडातही फोटो निघावा. (पाणीपुरवठा कार्यालयाच्या त्या सभागृहात ट्यूबलाइट सोळा होत्या आणि पेटत पाच होत्या, त्यामुळे निवड अचूकच होती.) एवढं तोंड उघडलं की स्पष्ट दिसणारा पट्टा बोटभर उरतो, हे खरं. नाकाचा शेंडा साधला तर कान गेला, कान साधला तर नाक गेलं. यालाच तर कला म्हणतात. तुझी लेक मात्र शेजारी उभी राहून सांगत होती, मामा, मोबाइलवर काढ, त्यात कान-नाक दोन्ही येतात. मी कडी फिरवत राहिलो. मोठ्या माणसाने कुठे गप्प बसावं हे मला कळतं.

आता फ्लॅशचं. मी दोन बिनतारी फ्लॅश लावले होते, त्यातला एक भाऊजींच्या मोठ्या साहेबांच्या अगदी तोंडासमोर. कार्यालयाच्या मासिकाचा फोटोवालाही त्याच चॅनेलवर होता हे मला कोणी सांगितलं? त्याने बटण दाबलं की माझा फ्लॅश पेटायचा. साहेब अख्खं भाषण डोळे मिटून बोलले. लोकांना वाटलं, भावना दाटून आल्या. यात साहेबांची पत वाढली का कमी झाली, तूच सांग.

राहिला माइक. सभागृहाचा माइक खरखरून मेला, तेव्हा माझा बिनतारी माइक तिथल्या कर्ण्यांना जोडून द्यायला मी एकटा पुढे आलो, हे कोणी बोलत नाही. साहेबांचा आवाज बिनमाइकचाही पोचतो, आणि पुढची पाळी भाऊजींची होती, म्हणून तो चिमट्याचा माइक त्यांच्या कॉलरला आधीच लावला. चालू करून ठेवला, कारण ऐनवेळी बटण सापडत नाही. आणि भाऊजी भाषण घोकायला जिन्यात गेले. शंभर मीटरपर्यंत ऐकू येईल असं खोक्यावर छापलेलं होतं, आणि ते अगदी खरं निघालं. साहेब सांगत होते की यांच्यासारखा मीटर तपासनीस होणे नाही, एवढ्यात चारही कर्ण्यांतून भाऊजींचा आवाज आला :

"साहेबांना तीन वर्षांत माझं नाव पाठ झालं नाही, ते जाऊ दे. पण हिच्याबद्दल काय बोलू? चार ओळी लिहिल्यात, त्या हिच्यासमोर तोंडातून निघायच्या नाहीत. ही नसती तर मी पहिल्याच वर्षी नोकरी सोडून पळालो असतो. हे हिला एकदाही सांगितलं नाही."

मग नाक शिंकरल्याचा आवाज. तोही स्पष्ट.

ऐंशी माणसं तुझ्याकडे बघत होती. तू उठलीस, माझ्याजवळ आलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "घरातलं होतं ते. तू वाटून टाकलंस." आणि निघून गेलीस. भाऊजी आत आले, सगळ्यांची तोंडं पाहिली, "धन्यवाद" म्हणाले आणि खाली बसले.

तुझं ते वाक्य मला लागलं, हे लपवत नाही. तरी विचारतो : तेहतीस वर्षं हा माणूस तुझ्याशी दूध, गॅस आणि पंखा बंद कर एवढ्यावर बोलला. माझ्या अंगठ्याएवढ्या यंत्राने त्याच्या पोटातलं बाहेर काढलं, तर गुन्हेगार मी? पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा तोच माइक लावीन, आणि पुन्हा बंद करायला विसरेन.

कर्ण्यांतून ते ऐकू आलं त्या क्षणी मी तुझाच फोटो काढत होतो. कडी फिरवली, जुळलं असं वाटलं, दाबलं. तुझा चेहरा धुरकट आलाय. मागची कुंडी मात्र पानापानासकट लख्ख. बाकीचे दोनशे फोटो साधारण असेच आहेत. भिंगाला बोल लावशील तर मी ऐकून घेणार नाही.

एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुझा धाकटा

ता. क. : भाऊजींचा आवाज माइकच्या यंत्राने टिपून घेतला होता, तो माझ्याकडे जपून ठेवलाय. कोणाला ऐकवलेला नाही. तुला एकटीला ऐकायचा असेल तर सांग.

आणखी एक ता. क. : सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, आणि कॅमेऱ्याला लावतो तो उजवाच. म्हणजे भिंगात दोष नव्हता, हे माझं म्हणणं टिकलं. डोळ्यात आता नवं भिंग बसवणार आहेत. (त्याला कडी नसते, मी विचारून घेतलं.) गुरुवारी दहाला ऑपरेशन आहे. सोबत घरचं माणूस हवं म्हणाल्या. अर्जावर तुला न विचारता 'थोरली बहीण' असं लिहून आलोय. अक्षर जरा ओळीबाहेर गेलंय, पण वाचता येतं. माफी मी मागणार नाहीच. साडेनऊला ये.