चौदा नंबरची प्लेट

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
स्थायी व्हिसा विभाग,
वकिलात, नवी दिल्ली.

विषय : माझा 'फिट' शेरा व व्हिसा रद्द करणे आणि कै. हेमावती यांच्या नावापुढील 'क्षयरोगी' हा शेरा काढणे याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ ऑगस्ट १९९६ चे व्हिसा मंजुरीचे पत्र.

महोदय,

मी नागोजी ज्योतिबा लाड, वय ६३, धंदा शिंपीकाम. आजवरचे सगळे अर्ज एजंटाने इंग्रजीत लिहिले आणि मी न वाचता सह्या केल्या. हा मी स्वतः लिहीत आहे. शेजारच्या शिवकुमार यांनी केलेले इंग्रजी भाषांतर जोडले आहे.

१. आमची मुलगी रम्या आपल्या देशात असते. तिने आम्हा दोघांना कायमचे बोलावले होते. ८ जानेवारीस आपण नेमून दिलेल्या बंगळूरच्या दवाखान्यात आमची तपासणी झाली. एक्स-रेसाठी माझ्या पत्नीचा, हेमावतीचा, नंबर चौदा होता, माझा पंधरा. नर्सबाईंनी तिला गळ्यातले काढायला सांगितले. सदतीस वर्षांत तिने मंगळसूत्र उतरवले नव्हते. दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातल्याशिवाय काढणार नाही म्हणाली, आणि ते आणायला समोरच्या दुकानात गेली. तेवढ्यात चौदा नंबर पुकारला. पाळी जाऊ नये म्हणून मी आत गेलो. फोटो काढणारा काचेआड होता आणि प्लेटीवर नंबर आधीच लावलेला होता. त्याने श्वास धरायला सांगितले, मी धरला. नंतर पंधरा नंबरवर ती गेली. दोघांचे फोटो निघाले, एवढेच मी पाहिले.

२. फेब्रुवारीत आपले पत्र आले. मी फिट. पत्नीच्या उजव्या फुफ्फुसावर डाग. तिने सहा महिने क्षयाचे औषध घ्यावे, तोवर दोघांचीही फाइल थांबेल. तिच्या थुंकीत काही सापडले नव्हते, तरी प्लेट पाहून औषध सुरू झाले. रम्याने फोनवर विचारले, "आई, खोकला होता तर लपवलास कशाला?" त्यानंतर हेमावती फोनजवळ जाईना.

३. गोळ्या मीच देत असे. गिळेपर्यंत समोर उभा राहत असे. एकदा ती हसत म्हणाली, "अहो, खोकता तुम्ही आणि गोळ्या गिळते मी. हा कुठला न्याय?" मी म्हणालो, "सरकारी कागद आहे. गिळ बघू." मे महिन्यात तिला कावीळ झाली. औषधाने यकृत गेले, असे हॉस्पिटलात सांगितले. २ जूनला ती वारली.

४. हॉस्पिटलात तिची नवी प्लेट काढली होती. ती स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी आमच्याकडची चौदा नंबरची प्लेट नव्या प्लेटीशेजारी उजेडात धरली आणि म्हणाले, "ही बाईची छाती नाही. पुरुषाची आहे." त्यानंतर तीन महिने मी स्वतःच्या तपासणीला गेलो नाही. डॉक्टर खरे ठरतील याची भीती होती. ९ सप्टेंबरला गेलो. डाग उजवीकडे, त्याच जागी, आता मोठा आहे. थुंकीत जंतू आहेत. मला दिलेल्या गोळ्या त्याच आहेत.

५. मधल्या काळात आपले मंजुरीचे पत्र आले. त्यात "सहअर्जदाराची अडचण आता उरली नसल्याने" असे लिहिले आहे. ते घेऊन मी दवाखान्यात गेलो. त्यांचे म्हणणे असे, की फेरतपासणी अनफिट माणसाची होते, फिट माणसाची नाही. अनफिट होती ती वारली, म्हणून फाइल बंद. प्लेटीवर ज्याचा नंबर त्याचे फुफ्फुस.

६. आणखी एक गोष्ट कळवणे भाग आहे. त्या दिवशी बाकावर आमच्यामागे पाच बायका बसल्या होत्या. हेमावतीचे पाहून त्यांतल्या दोघींनी हळकुंड मागवले, आणि दोघींचे नवरे बायकोच्या नंबरवर आधी आत गेले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांची नावे दवाखाना देत नाही. ते नवरे फिट म्हणून आपल्या देशात पोहोचले असतील. त्या बायका कुठे गोळ्या गिळत असतील. आपण कृपया ८ जानेवारीच्या सगळ्या प्लेटी पुन्हा पाहाव्यात.

७. रम्याला मी फोनवर सगळे सांगितले. ती म्हणाली, "अप्पा, आईसाठी इतकं खोटं बोलू नका. तुमच्याकडे फिटचा कागद आहे." आपल्या कागदापुढे माझा शब्द चालत नाही. म्हणून विनंती, की मला नकाराचे पत्र द्यावे, त्याची प्रत तिला पाठवावी, आणि त्यात स्पष्ट लिहावे : रोग नागोजीला आहे, हेमावती निरोगी होती.

८. हे लवकर व्हावे. मी निघत नाही असे पाहून रम्या स्वतः मला न्यायला येत आहे. १९ ऑक्टोबरचे विमान आहे. सोबत तिची दोन महिन्यांची मुलगी आहे. मी येऊ नको म्हणतो, तर तिला वाटते मी दुःखाने बोलतो. ती घरी आली की पहिल्यांदा बाळ माझ्या हातात देईल.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,

(सही)
नागोजी ज्योतिबा लाड
बसवनगुडी, बंगळूर
दि. २३ सप्टेंबर १९९६

सोबत : माझा पासपोर्ट, व्हिसासह (परत नको), चौदा नंबरची प्लेट, हेमावतीची हॉस्पिटलातील प्लेट, माझी ९ सप्टेंबरची प्लेट व थुंकीचा रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, इंग्रजी भाषांतर.