ठाण्यात राहिलेली बंदूक

आई,

ठाण्याची नोटीस आली होती, म्हणून आपल्या ठासणीच्या बंदुकीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर आज तिथे सही करून आलो. आता ती मोडीत निघेल. पणजोबांनी भट्टीवर स्वतः नळी घडवली, शिसवी दस्ता तासला, तेव्हापासून ती घराण्याबाहेर गेली नव्हती. घालवणारा मीच निघालो.

परवाना बाबांच्या नावावर, पण त्यांना दिसायचं कमी, म्हणून चालवायचीस तू. सकाळी तुरीत रानडुकरं शिरली की तू शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहतेस, नळीत दारू ओततेस, वर चिंधी घालून गजानं ठासतेस. छर्रे बहुतेक घालतच नाहीस. "जीव घ्याचा नाई, भेव दाखवाचं." मग असा बार निघतो की पलीकडच्या शिवारातले बगळे उडतात, आणि तुझ्यामागे मी कानांत बोटं घालून उभा. लहान नव्हतो, बारावी झालेला घोडा होतो. एकदा तू ती माझ्या हातात दिलीस, तर धक्क्यानं मागच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या झाडांत बसलो. पुन्हा हात लावला नाही. गाव म्हणायचं, "माय बार काढते अन् पोरगं कान झाकते." तू हसण्यावारी न्यायचीस. मला ते फार झोंबायचं.

बाबा गेल्यावर परवाना वारसाच्या नावावर करायला आपण अकोल्याला कलेक्टर कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "चालवता कोणाले येते?" तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "पोराले येते." चार माणसांत माझी लाज राखलीस. बाहेर आल्यावर एवढंच बोललीस, "नाव तुयं असू दे, काम मी करीन."

पुढच्याच निवडणुकीला नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, आणि मी ती आणलीच नाही. तू रोज विचारायचीस, "आणली काय रे?" शेवटी सांगून टाकलं, "जुन्या बंदुका वापस देत नाई म्हणते." साफ खोटं. सही करायचा अवकाश होता. पण बंदूक घरात नव्हती तर गाव हसत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं. त्या साली डुकरांनी तूर आडवी केली. तू डबा वाजवत, घसा बसेपर्यंत ओरडत धुऱ्यावर फिरायचीस, आणि मी ते पाहत होतो. मग एके दिवशी तू विचारणं बंद केलंस.

आज सही झाल्यावर ठाण्यासमोर चहाला बसलो. चहावाला म्हातारा, आपल्याच गावचा. म्हणाला, "तुयी माय आली होती ना एकडाव, पायी. जमादारानं सांगतलं, पोराले पाठवा, सही केली का लगेच भेटते. मंग इथंच बसली लय वेळ. चाय बी नाई घेतली. म्हणे, पोराले सांगजो नोको मी आल्ती म्हणून."

म्हणजे तुला माहीत होतं. त्यानंतर जगलीस ती सगळी वर्षं तू माझ्याशी नेहमीसारखीच बोलत राहिलीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, आता कुणाची माफी मागू?

हे पत्र पेटीत टाकण्यासारखं नाही, आता राहतो त्या अमरावतीच्या घरी कुणाला दाखवण्यासारखंही नाही. एकच सांगायचं राहिलं. तू विचारणं सोडलंस तेव्हा मला वाटलं, विसरली. सुटलो म्हणून त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तूच वाढल्या होत्यास.