कडी लावून गेलेला वाघ

तीर्थस्वरूप तुकानानी, तुझ्या दोन्ही पायांना जालिंदरचा हात लागला असं समज.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? शिनोलीला आपल्या वाडीपेक्षा गारठा जास्त, तेव्हा उन्हं आल्याशिवाय अंगणात बसू नकोस. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, ज्याचं त्याला पोचव. इकडे सर्व खुशाल आहे असं पत्रात लिहावं लागतं, म्हणून लिहिलं. या काळात पत्र कसलं पाठवतोस, असं तू म्हणशील. पण नानी, फोनवर माझं 'हॅलो' ऐकू आलं की तू लाल बटण दाबतेस. दिवाळीपासून हेच चाललंय. पत्राला बटण नसतं, आणि हिराताई काही आईला वाचून दाखवता दाखवता पत्र फाडणारी नाही. (हिराताई, महत्त्वाची सूचना. कंसातलं नानीला वाचून दाखवू नकोस, ते तुला एकटीला आहे. कंस आला की खोकल्यासारखं कर, मनातल्या मनात वाच, आणि कंस संपला की पुन्हा मोठ्यानं सुरू कर.)

तर आनंदाची बातमी अशी की तुझ्या पुतण्याचा सत्कार झाला. जानेवारीत ठाण्यात पोलीस सप्ताह असतो. शाळेची पोरं येऊन बंदुका बघतात, रक्तदान होतं, आणि शेवटच्या दिवशी मांडव घालून ठाण्याच्या सालभराच्या कामाचा अहवाल वाचतात. यंदा फौजदार मॅडमनी स्वतः वाचला. खरं सांगतो, ऐकून ऊर भरून आला. एवढंसं ते ठाणं, त्यात निम्मी माणसं कुठे ना कुठे बंदोबस्ताला गेलेली. तरी त्यांनी गावोगावच्या यात्रा आणि गणपती पार पाडले, हरवलेले मोबाइल शोधून दिले, विहिरींवरून चोरलेल्या मोटारी परत मिळवल्या, घाटात उलटलेल्या टेम्पोतली माणसं पाठीवर घालून वर आणली, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी दर महिन्याला जाऊन 'काय हवं-नको' विचारलं. रामदास हवालदाराचा पुरात एक गाय काढताना खांदा निखळला होता. त्याला उभं केलं तेव्हा अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. आणि त्याच्या लगेच मागून माझं नाव पुकारलं. सालभरात एकही गुन्हा नाही, एकही तक्रार नाही, असं गाव, आणि त्या गावचे कर्तव्यदक्ष पोलीस पाटील! शाल, नारळ आणि काचेत बसवलेलं प्रशस्तिपत्र. त्यावर माझ्या नावाखाली जाड अक्षरांत 'निरंक' असं छापलंय.

निरंक म्हणजे काय, हे तुला मी पूर्वी समजावलं होतं. गावात काय घडलं ते महिन्याच्या महिन्याला ठाण्याला कळवणं हे पोलीस पाटलाचं काम. काहीच घडलं नाही तर एवढा एकच शब्द लिहायचा. माझे बारा महिने बारा वेळा निरंक गेले. अशी वाडी आणे पठारापासून भीमाशंकरपर्यंत दुसरी निघायची नाही. (हिराताई, निरंक कसं होतं ते तुला सांगतो. आपली वाडी ज्याला वाघ म्हणते तो बिबट्या उसात आहेच, ते काही खोटं नाही. प्रयागबाईच्या चार कोंबड्या गेल्या, मी म्हटलं बिबट्या. वरच्या आळीतला बोकड गेला, बिबट्या. बिबट्यानं नेलं म्हटलं की ते काम वनखात्याचं. तिकडे त्यांचा पंचनामा होतो आणि इकडे माझं निरंक राहतं. बिबट्या काही 'मी नव्हे' म्हणून सांगायला येत नाही. देवळातली समई गेली तेव्हाही माझ्या तोंडून सवयीनं 'बिबट्या' निघून गेलं होतं. लोक हसले, म्हणून समई घासायला दिली आहे असं सांगून वेळ मारून नेली. ती अजून घासून व्हायची आहे.)

आता तुझ्या भुरीबद्दल. नानी, हा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण तो काढल्याशिवाय पत्र पुढे जात नाही. यमाजीनाना गेले त्याच आठवड्यात तिची आई मेली, तू त्या कोकराला बाटलीनं दूध पाजून वाढवलंस, नानांचा कळप विकला तेव्हा तिला एकटीला मागे ठेवलंस, आणि रोज सकाळी तुझ्या ओट्यावर एक बशी तुझी आणि एक बशी तिची, असा चहा व्हायचा. हे सगळं मला माहीत आहे. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गोठा रिकामा दिसला, बाहेर वाघाचे ठसे मिळाले, तसा पंचनामा झाला आणि त्यावर माझी सही आहे. तू मात्र चार लोकांत मला म्हणालीस, "वाघ आला, कडी काढली, मेंढी नेली, आन् जाताना कडी लावून गेला व्हय रं जालिंदर? लई शिकलेला वाघ दिसतोय!" लोक पोट धरून हसले. नुकसानभरपाईच्या कागदावर तू अंगठासुद्धा दिला नाहीस. "वाघानं नेली न्हाई, तर वाघाचं पैसं मी कशापायी घिऊ?" म्हणालीस, घराला कुलूप लावलंस आणि लेकीकडे निघून गेलीस. नानी, सरकारी कागदावर एवढा अविश्वास बरा नाही. (ठसे मीच केले होते. वाटीच्या बुडानं तळवा आणि अंगठ्यानं बोटं. वनखात्याचा धर्माजी बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "पाटील, ह्या वाघाला चारी पाय उजवंच हायेत." मी म्हटलं, "आमच्याकडं असाच येतो." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, उसासा टाकला आणि लिहून घेतलं. नानीनं पिकअपचा आवाज ऐकला होता. पिकअपच्या चाकांचा मागही होता. त्यावरून मी माझी मोटरसायकल चार वेळा फिरवली. का, तर साल संपायला दोनच महिने उरले होते आणि आधीचे सगळे निरंक गेले होते.)

असो. सत्कार झाल्यावर चोरीचा सापडलेला माल ज्याचा त्याला परत देण्याचा कार्यक्रम होता. मोटारी दिल्या, मोबाइल दिले, शेवटी मेंढ्या. नाकाबंदीत एका पिकअपमध्ये तेरा मेंढ्या सापडल्या होत्या. बारा मालकांनी ओळखून नेल्या. एक राहिली. तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. (हिराताई, हा कंस लांबणार आहे, नुसत्या खोकल्यानं भागायचं नाही. घसा कोरडा पडला, पाणी पिऊन येते, असं सांगून आत जा. ती भुरी होती. मांडवाच्या खांबाला बांधलेली, गळ्यात 'मालक अज्ञात' अशी पुठ्ठ्याची पाटी. मी स्टेजवर, खांद्यावर शाल, हातात चहाची बशी. तिला वास लागला असावा. तिनं मान वर केली, दावं ओढून सोडवलं, दोन पायऱ्या चढून वर आली आणि माझ्या हातातली बशी चाटूनपुसून रिकामी केली. मांडवात हशा पिकला. मॅडम माइकवर म्हणाल्या, "ही चहा पिणारी मेंढी कुणाची आहे? ज्याची असेल त्यानं पुढे या." मी गप्प. तेव्हा रामदास हवालदार म्हणाला, "मॅडम, बारा जनांनी तक्रार दिली व्हती म्हनून बारा घरी गेल्या. हिची कुठं तक्रारच न्हाई. मंग द्यायची कुनाला?" त्यावर लोक पुन्हा हसले, आणि हिराताई, मीही हसलो. तिच्या तोंडाला माझा चहा लागलेला, तिच्या फाटलेल्या डाव्या कानाला तुझ्या आईनं घातलेले टाके माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मी सगळ्यांबरोबर हसलो. ठाण्यातल्या त्या लोकांनी सालभर ऊन-पाऊस बघितला नाही, आणि त्यांना एका कागदासाठी मी अडवून ठेवलं होतं. चोरांनी तिला एकदा नेलं. मी दोनदा घालवली, एकदा वाटीनं आणि एकदा गप्प बसून.)

कार्यक्रम आटोपून मी घरी आलो. प्रवास सुखाचा झाला. (एकटा नाही आलो. मॅडम म्हणाल्या, ज्या गावात सालभर चोरी नाही, तिथंच ही मेंढी सुरक्षित राहील. माझी सही घेऊन तिला माझ्याच ताब्यात दिली, मालक मिळेपर्यंत सांभाळायला. चोवीस तारखेपर्यंत कुणी आलं नाही तर तिचा लिलाव. वाडीत कुणी ओळखू नये म्हणून मी टेम्पोतून उतरवताना सत्काराची शाल तिच्या अंगावर घातली. तिला ती शोभत होती, माझ्यापेक्षा जास्तच. पण प्रयागबाई नेमकी वाटेत उभी. "आगं बया, ही तर तुकाबाईची भुरी!" मी म्हटलं, "तिच्यासारखी दिसते." तिनं शाल उचलून कान बघितला. "मंग वाघानं हिला वकली म्हनायची का, पाटील?" तेव्हापासून वाडीतलं शेंबडं पोरही मला विचारतं की वाघ समई कधी ओकणार. पोरांचं सोड, आपल्या कोंबड्यांची तक्रार लिहून घ्या म्हणून प्रयागबाई रोज दारात बसते आहे.)

तर नानी, तू एकदा येऊन जा. तुझ्या घराची कौलं सरकली आहेत. ओट्यावर धूळ साचली आहे, तिकडे बघून मला चैन पडत नाही. चोवीस तारखेच्या आत आलीस तर कौलं शाकारायला माणसं मिळतील, नंतर सगळे कांदा काढायला जातात. लहानपणी तू मला पोटाशी धरलंस, आता माझं काही चुकलं असेल तर ते पोटात घाल. (हिराताई, 'असेल' असं लिहिलंय. वाचताना तसंच वाच.)

तुझा पुतण्या,
जालिंदर

ता.क. (हिराताई, सोबत एक अर्ज जोडला आहे, त्यावर नानीचा अंगठा घेऊन पाठव. 'माझी मेंढी चरताना कळपातून चुकली होती, ती पोलीस पाटलांच्या दक्षतेमुळे परत मिळाली' असं लिहिलंय. चुकली म्हटलं की चोरी नाही. नानीला भुरी मिळते, माझं निरंक राहतं, कुणाचंच काही जात नाही. कागद कसला विचारलं तर रेशनचा आहे म्हणून सांग.)

ता.क. दुसरा. नानी, भुरी जिवंत आहे. हे मी कंसात लिहिलेलं नाही, हिराताईनं ते मोठ्यानं वाचावं.

पत्र काल पाकिटात घातलं होतं, आज सकाळी पुन्हा उघडलं. भुरी माझ्याकडे आहे, पाच दिवस झाले. रोज सकाळी ती दावं सोडवून घेते आणि तुझ्या ओट्यावर जाऊन उभी राहते, दाराकडे तोंड करून. आज मी बशीत चहा घेऊन तिच्यामागे गेलो. मांडवात माझ्या हातून प्यायली, पण तुझ्या दारात प्यायला तयार नाही. मी बशी खाली ठेवून शेजारी बसलो. तिला वाटत होतं की कडी आता निघेल. चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी तिनं मान वळवली नाही. मला लाज वाटली, नानी. वाडीची वाटली नव्हती, ती त्या मेंढीची वाटली. तू त्या दिवशी खरं बोललीस आणि मी तुला सगळ्या वाडीसमोर खोटं पाडलं.

दुसरा अर्ज जोडतो आहे. 'माझी मेंढी चोरीस गेली. मी त्याच सकाळी पोलीस पाटील जालिंदर यांस सांगितले. त्यांनी तक्रार पुढे पाठवली नाही व वाघाचे खोटे ठसे केले.' पटलं तरच अंगठा दे. चोवीस तारखेच्या आत ये, मी ठाण्याच्या दारात भुरीला घेऊन उभा राहीन. पाटीलकी बहुतेक जाईल. या महिन्याच्या अहवालात निरंकच्या जागी मी 'एक' लिहिलाय, आणि खाली जागा सोडून ठेवली आहे, प्रयागबाईसाठी आणि समईसाठी.

ता.क. तिसरा. हिराताई, पहिला अर्ज चुलीत घाल. पत्र घालू नकोस, ते दुसऱ्या अर्जाला जोड, ठाण्यात पुरावा लागतो. आणि आता पुन्हा पहिल्या पानावर जा आणि नानीला कंसातलं तेवढं वाचून दाखव, एकही न गाळता. कंसाबाहेरचं ऐकलेलं ती विसरली तरी चालेल.