नवरदेव आला नाही त्या दुपारचं जेवण

बाबा, ते हॉटेल तुम्ही कधी हेरून ठेवलं होतं, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. सिव्हिल लाइन्समधली ती पांढरी बसकी इमारत, आवारात गुलमोहर, दारात पगडीवाला माणूस. आपण खापरखेड्याच्या वीजघराच्या वसाहतीत राहणारे. आपल्यासाठी नागपूर म्हणजे बर्डीच्या बाजारात कापड, महालच्या गल्ल्यांत भांडी, आणि परतीची बस लागेपर्यंत स्टँडवर उभ्याने घेतलेला चहा. तिथे एका हॉटेलात फ्रेंच जेवण मिळतं, त्यासाठी पाँडिचेरीहून खानसामा आणलाय, हे तुम्हाला कुठून कळलं? बहुधा वीजघरात परदेशी इंजिनिअर आले होते, तेव्हा. ते तिथेच उतरले होते. संध्याकाळी त्यांना सोडायला जीपमधून गेला असाल, काचेच्या दारातून आतलं पाहिलं असेल आणि कुणाला काही न सांगता परत आला असाल. हे सगळं मी नंतर माझ्या मनाने जुळवलेलं आहे. तुम्ही सांगणाऱ्यांतले नव्हतातच.

लग्न तोंडावर आलं असताना मोडलं. मध्यस्थ आले, ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले की मुलाला मुंबईला नोकरी लागली आहे आणि त्याने तिकडेच कुठेतरी जमवलं आहे. एवढंच. आत्या आतून ओरडली. तुम्ही मात्र मध्यस्थांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलात, जसे नेहमी कुणालाही जात असा. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, त्या करत राहिले. मागच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते परत पाठवलेत, आणि त्यांच्याखालची जमीन तेवढी स्वच्छ राहिली, बाकी सगळ्या अंगणावर वीजघराची राख. त्या राखेची आपल्याला इतकी सवय होती की वाळत घातलेल्या कपड्यांची झटकल्याशिवाय आपण कधी घडी केलीच नाही. तो मुलगा दुसऱ्यांदा आला होता ना, बहिणीला घेऊन, तेव्हा कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. मी काय वाचते असं त्याने विचारलं. मी सांगत गेले आणि तो ऐकत गेला. राख त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडत होती आणि त्याने ती झटकली नाही. बाबा, मी त्या न झटकलेल्या राखेवरच भाळले होते.

मग तो दिवस उजाडला. दुपारचा मुहूर्त होता. सकाळपासून वसाहतीतल्या बाया एकेक करून यायला लागल्या आणि आत्याजवळ बसायला लागल्या. मयताच्या घरी बसतात तशा, पदर तोंडाला लावून. कुणी माझ्याकडे सरळ बघत नव्हतं, आणि सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. नवरीने मुहूर्ताआधी खायचं नसतं म्हणून नव्हे, पण खा असंही कुणी म्हणालं नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, असं मनात आलं. पण आईचं बोलणं मला आठवतच नाही, इतकी मी लहान होते ती गेली तेव्हा. तुम्ही लग्नासाठी काढलेली रजा रद्द केली नव्हती. अचानक तुम्ही दारात उभे राहिलात. अंगात लग्नासाठी शिवलेला नवा कोट, तोही वैशाखात.

"ते मोतिया लुगडं नेस," तुम्ही म्हणालात. "आपल्याले जायचं आहे."

आत्या उठलीच. "काहून गा दादा, पोरीले घेऊन कुठी चालला? आजच्या दिवशी? लोकं काय म्हणतीन?"

"जेवाले."

"घरी अन्न नाही का?"

"आहे ना," तुम्ही म्हणालात, "पण घरी आज तिच्या घशाखाली घास नाही उतरून राहिला."

त्यानंतरचं सगळं मला झोपेत पाहिल्यासारखं दिसतं. बसच्या खिडकीतून येणारी गरम हवा आणि तुमच्या कपाळावरून कोटाच्या कॉलरवर उतरणारा घाम. सदरला उतरून आपण चालतो आहोत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर वितळून चपलेला चिकटतं आहे. मी विचारतही नाही कुठे जायचं ते. मग तो पगडीवाला दार उघडतो आणि आतून वाळ्याचा ओला गारवा येतो, इतका की माझ्या अंगावर काटा येतो. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले आहेत आणि त्यातून हिरवट, पाण्याखालचा असावा तसा उजेड झिरपतो आहे. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. लांबच्या एका टेबलावर एक म्हातारं इंग्रजी बोलणारं जोडपं, बाकी कुणी नाही. तुम्ही कानाजवळ येऊन म्हणालात, "इथी आपल्या ओळखीचं कोणी येत नाही." तेव्हा मला कळलं, आपण एवढ्या लांब काहून आलो ते.

वाढायला होता तो पाँडिचेरीचाच, काळासावळा, पिकल्या मिशांचा. हिंदी तोडकं बोलायचा. त्याने समोर ठेवलेल्या जाड कागदावर वर फ्रेंच आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजी होतं. तुम्ही तो कागद माझ्याकडे सरकवलात. "तू कॉलेजात गेली ना, वाच." मी वाचलं, पण शब्द कळले तरी पदार्थ कळेनात. आपण दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. त्या माणसाने आपल्या कपड्यांकडे पाहिलं, तुमच्या कोटाकडे, माझ्या लुगड्याच्या जरीकडे, आणि हसून विचारलं, "बाबूजी, आज कोई खास दिन है?"

वसाहतीत सगळे विचारायचे तेव्हा तुम्ही 'जमलं नाही' एवढंच म्हणायचात, तेही दुसरीकडे बघत. त्या अनोळखी माणसाकडे मात्र तुम्ही मान वर करून पाहिलंत.

"आज मेरी बेटी की शादी का मुहूर्त है. लडका नहीं आया."

आता हाही पदर तोंडाला लावल्यासारखा चेहरा करणार, असं वाटलं. त्याने तसलं काही केलं नाही. तो कागद त्याने आपल्या हातून हलकेच काढून घेतला, मिटला आणि म्हणाला, "फिर आज जल्दी नहीं करेंगे. मैं खिलाता हूँ."

आणि त्याने खरंच घाई केली नाही. आधी कांद्याचं सार आलं, मातीच्या खोलगट भांड्यात, वर पावाचा तुकडा आणि त्यावर वितळलेलं चीज. तुम्ही चमचा बुडवलात, एक घोट घेतलात आणि गंभीरपणे म्हणालात, "कांद्याचं पाणीच व्हय हे. पण चांगलं आहे." मीही घेतलं. सकाळपासूनचा पहिला घास. तो गरम, गोडसर रस पोटात उतरत गेला आणि मला एकदम कळलं की मला केवढी भूक लागली होती. दुसरा पदार्थ यायला वेळ लागला, तिसऱ्याला त्याहून जास्त. मधल्या वेळात आपण वाळ्यावर पाणी मारल्याचा आवाज ऐकत बसायचो. मग लोण्यात शिजवलेली कोंबडी आली, पांढऱ्या रश्शात. तुम्ही काटा-सुरी घेऊन थोडा वेळ झगडलात, आणि मग माझ्याकडे पाहून ती दोन्ही बाजूला ठेवलीत आणि हाताने जेवायला लागलात. मीही. तिकडचं जोडपं बघत असेल नाहीतर नसेल. मुहूर्त त्याच सुमाराला कधीतरी होऊन गेला असणार. आपल्या दोघांपैकी एकानेही घड्याळ पाहिलं नाही.

शेवटी त्याने एक लहानशी शेगडी ढकलगाडीवर आणली. तव्यावर पातळ पातळ घड्या होत्या, संत्र्याच्या रसात पोहणाऱ्या. तुम्ही वाकून पाहिलंत. "हे तं धिरडं व्हय!" तुमच्या आवाजात एवढा आनंद होता की तो माणूसही हसला, न कळता. मग त्याने एका बाटलीतून काहीतरी ओतलं आणि काडी लावली. भप्पकन निळी ज्योत उठली.

"अरे, पेटलं ना!" तुम्ही खुर्ची मागे सारून उभेच राहिलात. सगळा जन्म बॉयलरपाशी काढलेला माणूस तुम्ही; एका हाताने मला मागे ढकललंत आणि दुसऱ्याने पाण्याचा जग उचललात. "पानी डालूँ?"

"नहीं बाबूजी, नहीं!" तो दोन्ही हात पसरून आडवा आला. "ऐसा ही होता है! अपने आप बुझेगा!"

आणि ती विझली. तुम्ही जग हातात धरून उभे. कोट एका खांद्यावरून घसरलेला. मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवरेना. मी पोटावर हात धरून हसत होते. तुम्ही जग खाली ठेवलात आणि तुम्हीही हसायला लागलात, डोळे मिटून, खांदे हलवत, आवाज न करता. तुम्हाला तसं हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

एक घास खाऊन मी म्हटलं, "बाबा, दारू आहे यात."

"असन," तुम्ही म्हणालात. "खाऊन घे. आज कोणी पाहून नाही राहिलं."

नंतर बराच वेळ तुम्ही बशीतल्या रसावर बोट फिरवत होतात. वर न बघता विचारलंत, "तुले तो आवडला होता का वं?"

ते मोडल्यापासून सगळे बोलत होते. आत्या त्याच्या खानदानाला शिव्या देत होती, शेजारणी माझ्या नशिबाला. हा एवढा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"मंग रड ना. घरी काहून नाही रडली?"

"घरी सगळे पाहून राहिले होते, बाबा."

"इथी नाही पाहून राहिले."

मी रडले. तो पांढरा रुमाल तोंडाला लावून, अगदी हुंदके देऊन. तुम्ही समजूत काढली नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाहीत. समोर बसून राहिलात फक्त. पाँडिचेरीचा तो माणूस कधी येऊन आपल्या टेबलाजवळ पाठमोरा उभा राहिला, मला कळलं नाही. दुसऱ्या टेबलाला आपण दिसू नये असा. माझं रडणं संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

परतीच्या बसमध्ये कोट काढून तुम्ही मांडीवर घेतलात आणि म्हणालात, "इथून पुढं आधी तुले विचारीन. मंग लोकाईले." तुम्ही ते पाळलंत. पुढच्या दोन स्थळांना मी नाही म्हटलं. आत्या तुमच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. तुम्ही तिला एवढंच म्हणायचात, "पोरगी नाही म्हणते ना, मंग नाही." मधल्या काळात मी बी.एड. केलं, हिंगण्याच्या शाळेत लागले. मग एक माणूस आला, त्याला मी हो म्हटलं, आणि ते चांगलंच झालं. तुम्ही माझा संसार पाहिलात, नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवलंत, आणि मग एका थंडीत, फार त्रास न होता, गेलात.

त्या संध्याकाळी आत्याने विचारलं होतं, काय जेवले? "धिरडं," तुम्ही म्हणालात आणि हातपाय धुवायला निघून गेलात. ते जेवण पुढे आपल्या दोघांच्या बोलण्यात कधी आलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

आता हे लिहिलं आहे, पण पाठवायचं कुठे? त्यामुळे जे समोरासमोर कधी जमलं नसतं, तेही लिहूनच टाकते. माझ्या लग्नातल्या फोटोत मी हसते आहे आणि ते हसू खोटं नाही. माझी मुलगी विचारते, "आई, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता?" मी तिला लग्नाचाच दिवस सांगते. तो नव्हता, बाबा.