चौथ्या मजल्याची हवा

४ एप्रिल
शी! चौथ्या मजल्याच्या एसी यंत्राचा ट्रे आज काढला. पाण्याच्या जागी हिरवट, बुळबुळीत थर. त्यात केस, आणि भिजून फुगलेली पाल. वर चारशे माणसं याच हवेत बसतात आणि म्हणतात, "आज काय मस्त गार आहे!" मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ही पाल हजेरीपटावर घ्या. रोज येते बिचारी." हसले खरी, पण डबा तसाच परत आणला.

६ एप्रिल
ट्रेपेक्षा घाण गोष्ट सापडली. बाहेरची हवा आत घेणारी झडप तारेनं आवळून बंद केलेली! म्हणजे तीच उष्टी हवा गार करून पुन्हा त्याच माणसांच्या नाकात. मिस्त्री खाली बघत म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं होतं." साहेब म्हणजे थंडोबा, आमचा देखभालप्रमुख. केबिन इतकी गार ठेवतो की स्वतःच स्वेटर घालून बसतो! त्याचं म्हणणं — "बाहेरची गरम हवा घेतली तर जुन्या चिलरला झेपत नाही. जूनमध्ये सगळ्या इमारतींना नवी यंत्रणा येतेय. तोवर कोण मरतंय?"
मी म्हणाले, "बरं." बरं! इंजिनिअर म्हणे मी.

७ एप्रिल
बेबीला नोटीस मिळाली. बेबी म्हणजे माझी धाकटी नणंद. सदतीस वर्षांची झाली तरी घरात बेबीच. त्याच चौथ्या मजल्यावर, हिशेब विभागात. कामावर झोपते म्हणून तीनदा पकडली. महिन्याभरात सुधारली नाही तर नोकरी जाणार. सासूबाईंचा पट्टा सुरू — "रात्रभर मोबाइल बघायचा नि दिवसा डुलक्या काढायच्या! नवऱ्याला सोडून आलीस ती कशाच्या जोरावर? या पगाराच्याच ना?"
मी मनातून सासूबाईंच्याच बाजूची. आळशीच आहे, असंच वाटत आलंय मला. भांडी घासताना एकदम ती तार आठवली.

८ एप्रिल
मीटर घेऊन वर गेले. कार्बन डायऑक्साइड असावा त्याच्या तिप्पट! दुपारी अख्खा मजला जांभया देत होता. बेबीच तेवढी सापडते, कारण तिचं टेबल तिच्या विभागाच्या साहेबाच्या काचेसमोर.
घरी तिला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. रडायलाच लागली. "वहिनी, मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीये."
"रद्द कर. तू ठणठणीत आहेस. बिघडलीये ती आमची हवा!"
किती हलकी झाली पोर. मीही.

१० एप्रिल
थंडोबाला म्हटलं, झडप उघडा, नाहीतर मी वरपर्यंत जाते. तो शांतपणे म्हणाला, "नणंदेसाठी चाललंय का हे सगळं, मॅडम?"
किळस आली. त्याची आधी, मग माझी — कारण अर्धं खरं होतं. चारशे माणसांच्या वेळी "बरं" म्हणाले, आणि घरचं माणूस अडकल्यावर सगळ्यांची फुप्फुसं आठवली! तरी शिडीवर चढून तार तोडली. मिस्त्रीनं शिडी धरली. "माझं नाव घेऊ नका मॅडम. पण तोडा, जोरात तोडा!"
मीटरच्या आकड्यांसकट पत्रही वर दिलं.

१६ एप्रिल
गरम होतंय म्हणून सकाळपासून फोनवर फोन. "आधी बरं होतं हो, काय केलंत तुम्ही?" काय करू या लोकांचं? कोंडा, पण गार कोंडा!

२४ एप्रिल
थंडोबाकडे खुलासा मागितलाय. बेबीची नोटीस तूर्त थांबवली. तिच्या विभागातल्या बाई म्हणाल्या, "चूक हवेची होती तर मुलीला कशाला शिक्षा?" सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात — "आमची सून इंजिनिअर आहे, उगाच नाही!"
फुगून बसले होते दिवसभर. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

९ मे
आज पुन्हा मोजमाप. आकडे उत्तम. दुपारची वेळ, तरी मजला टक्क जागा — गप्पा, हशा, कुणीतरी कुणाची नक्कल करत होतं.
बेबी टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. शेजारची बाई तिला हलवत होती. मीही हलवलं. नावानं हाका मारल्या. डोळे उघडायला फार वेळ लागला, आणि उघडल्यावर तिनं मला ओळखलं नाही.

१० मे
डॉक्टरांनी विचारलं, "महिन्यापूर्वी का नाही आणलंत?"
मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून, आता शुद्धीवर आलेली बेबीच म्हणाली, "मीच टाळलं हो. वहिनी कधीची मागे लागली होती."