पंधरा हात, पण कोणाचे?

मी, खाली सही करणारा, धंदा सुतारकी, वय सत्तरीपार, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गोंधळ एकाच बाबतीत आहे, तो पुढे येईलच.

१. राहतं घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यातून टेम्पो घ्यायचं स्वप्न जावईबापूंनी पाहू नये.

२. रंधे, करवती, पटाशा मुलीला. दुकान तीच चालवते आणि माझ्यापेक्षा सरळ कापते.

३. आता बोळाचं. वडिलांनी जागा वाटताना लिहिलं, "थोरल्याला उजव्या भिंतीपासून पंधरा हात, धाकट्याला डाव्या भिंतीपासून पंधरा हात." लिहिलं आणि गेले. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हे कबूल, पण कोणाचा? वडील ताडमाड, त्यांच्या हाताने सगळी जागा भरत असणार. आम्ही दोघं आईवर गेलेले. दादाने आपल्या हाताने मोजलं, मी माझ्या. मध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढा बोळ उरला. दादा म्हणे माझा, मी म्हणे माझा. तेव्हापासून बोलणं बंद.

वकीलसाहेबांना विचारलं, खरं माप कोणतं? म्हणाले, इंच अंगठ्यावरून आला, फूट पावलावरून, मीटर पृथ्वीवरून. अहो, पण अंगठा कोणाचा? आणि पृथ्वी मोजली तीही माणसांनीच ना? विचारावं तितका घोटाळा वाढतो.

म्हणून तो बोळ मी दादाला देतो. माझा नसेल तर देता येत नाही, त्याचाच असेल तर द्यायला नको, असं वकीलसाहेब म्हणतात. असेना का. मला दादाची फार आठवण येते.

दुरुस्ती: बोळ देण्याचं वरचं वाक्य मीच खोडलं आहे. बोळ त्याला देतोय असा निरोप मी धाडला, तो मिळताच दादा काठी टेकत आला. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. दादा म्हणाला, "मग नको मला तुझा बोळ. पेन आण इकडे."

बोळ कोणाचा, ते मला अजून कळलेलं नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळ
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार:
१. समोरचे शिंपी (सही)
२. माझा थोरला भाऊ (सही. हात थरथरत होता, म्हणून मी मनगट धरलं. सही त्याचीच आहे.)